तिला सांग, कालव्यात बोट घालत नाहीत

"तिला सांग, कालव्यात बोट घालत नाहीत," खिडकीबाहेरून आवाज आला. "कालव्यात साधा माणूस उतरला तरी आम्ही केस करायचो."

डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवलेल्या फोनकडे बघत मी मोठ्याने म्हणाले, "बाबा म्हणतात, कालव्यात बोट घालत नाहीत!" आणि मग आवाज उतरवून, "म्हणजे त्यांना फार उत्सुकता आहे गं, फक्त परवानगीबिरवानगीचं नीट बघून घे."

"बाबांना सांग, इथे कालवे बोटींसाठीच खणलेत," फोनमधून नीरा म्हणाली. बर्मिंगहॅमला नुकतं उजाडलं होतं आणि ती अजून रात्रीच्याच कपड्यांत होती.

"ती म्हणते, तिकडे कालवे बोटींसाठीच खणतात!" मी खिडकीकडे तोंड करून ओरडले.

ओट्यावरच्या झोपाळ्याची करकर थांबली. "बोटींसाठी? आणि ऊस कशावर करतात?"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण त्या रविवारांची आठवण झाली की माझा घसा अजून बसतो. साहेब म्हणजे माझे यजमान, विश्वास जगदाळे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त उपअभियंता. खात्यात सगळे त्यांना साहेब म्हणत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मीही म्हणायला लागले, कारण घरातही ते दौऱ्यावर आल्यासारखेच वावरत. नीरा आमची एकुलती एक. नाव ठेवताना मला कोणी विचारलं नव्हतं. नदी साहेबांच्या कार्यक्षेत्रातली होती, तेवढं कारण त्यांना पुरलं.

पुढे तिने सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, परीक्षा दिली, साहेबांच्याच खात्यात तिची निवड झाली आणि नेमणुकीचा आदेश आला. साहेबांनी साताऱ्याहून कंदी पेढे मागवून सगळ्या ऑफिसात वाटले, अगदी कालव्याची दारं उघडणाऱ्या पाटकऱ्यांपर्यंत. त्याच आठवड्यात नीराने सांगितलं, की ती हजर होणार नाही, इंग्लंडला शिकायला चालली आहे.

"मला विचारलंत का कधी, मला काय करायचंय ते?" ती म्हणाली होती.

"यापुढे विचारणार नाही," साहेब म्हणाले, आणि शब्दाला जागले. माणूस खात्यात तसाच प्रसिद्ध होता. मोजमापाच्या पुस्तकात आयुष्यात एक खोटा आकडा लिहिला नाही, कंत्राटदार कितीही ओळखीचा असो. मुलगीही त्यांचीच. तीही गप्प बसली. शिकली, तिकडेच एका शाळेत गणित शिकवायला लागली, आणि बापलेकीचा अबोला चांगला पाच-सहा वर्षं मुरला.

अबोला धरणाऱ्यांचं बरं असतं. ते नुसते गप्प बसतात आणि बोलायचे कष्ट मधल्या माणसाला पडतात. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की मी फोन लावायची आणि साहेब उठून ओट्यावर जायचे. खिडकी मात्र उघडी ठेवायला लावायचे, हवा यावी म्हणून. मग "तिला सांग" आणि "बाबांना सांग" सुरू व्हायचं. साहेबांचे कान पंपहाऊसच्या आवाजाने निम्मे गेलेले, फोनचा आवाज मी बारीक ठेवायची, आणि ओट्यावरचं बोलणं फोनपर्यंत पोचायचं नाही, त्यामुळे एकाचं बोलणं दुसऱ्याला माझ्यातूनच पोचायचं. माझ्याजवळ दोन आवाज तयार झाले होते, एक ओट्यापर्यंत जाणारा आणि एक बरणीपर्यंतच पोचणारा.

तर त्या वर्षी आमचं इंग्लंडला जायचं ठरलं. साहेबांनी व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले, गरम कपडे घेतले आणि घरी येऊन जाहीर केलं, "मी कालवे बघायला येतोय. दुसऱ्या कोणाला बघायला नाही." मी म्हटलं, बरं. जिला बघायला यायचं नव्हतं त्या व्यक्तीसाठी त्यांनी कांदा-लसूण मसाला दोनदा कुटून घेतला, पहिला तिखटाला कमी वाटला म्हणून.

नीराने जूनमध्ये आठवड्यासाठी बोट ठरवली. बोट म्हणजे काय, तर लांबी साठ फूट आणि रुंदी सात फूट. आमच्या कॉलनीतला बोळ याहून ऐसपैस आहे. त्यात स्वयंपाकघर, संडास, पलंग सगळं एका ओळीत, आणि चालवायची आपणच. वाटेत टेकडी आली की बोट पायऱ्यांनी चढवायची. पायरी म्हणजे पाण्याची एक खोली, तिला खालच्या अंगाला एक दार आणि वरच्या अंगाला एक दार. बोट आत घ्यायची, खालचं दार लावायचं, वरच्या झडपा उघडून खोली भरायची, म्हणजे पाण्याबरोबर बोट वर येते. मग वरचं दार उघडून पुढे जायचं. याला लॉक म्हणतात. आमच्या वाटेवर अशी लॉक एकापाठोपाठ एक होती, आणि हे सगळं काम सुट्टीवर आलेल्या माणसांनी पैसे भरून स्वतःच्या हातांनी करायचं होतं. इंग्रज लोक एवढी वर्षं आपल्यावर राज्य कसं करू शकले, ते मला तेव्हा कळलं.

एकाने मागच्या टोकाला सुकाणू धरायचं, दुसऱ्याने काठावर उतरून दारं सांभाळायची, आणि दोघांनी एकमेकांना ओरडून सांगायचं. सुकाणूवर नीरा, दारांवर साहेब. आणि मी? साठ फूट इकडे, साठ फूट तिकडे, "बाबा म्हणतात पुढे घे", "ती म्हणते थांबा", तेही या गुडघ्यांनी. जून उजाडायच्या आत या दोघांना एकमेकांशी बोलतं केलं नाही, तर त्या बोटीवर माझं काही खरं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर गुडघ्यांचं निमित्त होतं. मला पोरीचा आणि बापाचा आवाज एका खोलीत ऐकायचा होता. बस.

दुसऱ्या रविवारी साहेब ओट्यावर कागद घेऊन बसले. त्यांनी दौरा आखला होता. सकाळी सातला प्रस्थान, नऊपर्यंत तपासणी, मग न्याहारी.

"तिला सांग, बोट हेडला, कालव्याच्या तोंडाशी ताब्यात घ्यायची. तिथून प्रवाहाबरोबर टेलपर्यंत, शेवटच्या टोकाला. टेलला सोडून द्यायची. इंजिन लावायची गरज नाही, डिझेल वाचेल."

मी सांगितलं. फोनमध्ये नीरा इतकी हसली की चित्रातून बाहेर गेली.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"खोकतेय," मी म्हणाले.

ती परत चित्रात आली. "आई, बाबांना सांग, इथला कालवा वाहत नाही. पाणी उभं असतं. आणि हेड-टेल काही नाही. मधे उंचावर तलाव आहेत, तिथून दोन्हीकडे उतार. बोट जिथून घेतली तिथेच परत आणून द्यायची."

मी ओरडून सगळं ओट्यावर पोचवलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. सगळं आयुष्य ज्या माणसाने टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं का या काळजीत काढलं, त्याला असा कालवा मिळाला होता की ज्याला टेलच नाही.

"वाहत नाही तर तो कालवा कसला? लांबट तळं म्हणा," ते म्हणाले. "आणि दर बोटीमागे त्या लॉकमधून किती पाणी खाली जातं, विचार तिला."

नीरा म्हणाली, लाखभर लिटर तरी जातं.

"एका बोटीला? आणि पिकत काय?"

"काही नाही म्हणते. बदकं असतात."

साहेबांनी दौऱ्याचा कागद बाजूला ठेवून नवा कोरा कागद घेतला आणि लॉकचा आडवा छेद काढायला बसले. माझ्या मनात आलं, लागला बाबा मासा गळाला. पुढचे आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आमटीच्या वाटीत चमचा घालून मला पाण्याची पातळी समजावून झाली. शेजारच्या मोहित्यांना फाटकाशी उभं करून इंग्रजांच्या कालव्यावर भाषण देऊन झालं. हे सगळं ज्या एका व्यक्तीला खरोखर समजलं असतं, तिच्याशी मात्र बोलायचं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी मेथी निवडायला घेऊन टेबलाशी बसले आणि फोन लावला.

"तिला सांग," ओट्यावरून सुरुवात झाली, "लॉकमध्ये शिरल्यावर आधी खालच्या झडपा बंद आहेत का ते स्वतः बघायचं. त्याशिवाय वरच्यांना हात लावायचा नाही."

आता, माझं लग्न कालव्यावर झालं म्हटलं तरी चालेल. नवरी म्हणून उतरले ती कालव्याच्या काठच्या बंगल्यात. रात्री-बेरात्री पाटकरी दाराशी यायचे आणि साहेब दौऱ्यावर असले तर कुठलं दार किती उघडायचं ते मीच सांगायची. झडपेतलं मला काही कळत नाही असं कोणी म्हटलं तर आमच्या फलटणमध्ये हसतील.

मी फोनकडे तोंड केलं आणि ओट्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "बाबा म्हणतात, खालच्या आणि वरच्या झडपा एकदमच उघडायच्या! म्हणजे वेळ वाचतो!"

झोपाळा थांबला.

"काय सांगितलंस तिला?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"मी असं सांगितलं? अगं, एकदम उघडल्या तर पाणी वरून खाली सरळ निघून जाईल! वरचा कालवा रिकामा होईल! तिला सांग, असं अजिबात करायचं नाही!"

"बाबा म्हणतात, असंच करायचं, आणि वरचा कालवा रिकामा करायचा!"

"अगं ए!"

फोनमध्ये नीरा माझ्याकडे बघत होती. ती इंजिनिअर, तेही पहिल्या वर्गात पास झालेली. तिच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. मग ती अगदी साळसूदपणे म्हणाली, "बरं. बाबांनी इतकी वर्षं कालवे सांभाळलेत, ते म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. तसंच करते."

हे मी शब्दही न बदलता ओट्यावर पोचवलं. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं.

साहेब चपला घालून घरात आले. लग्न झाल्यापासून हे मी पहिल्यांदाच बघत होते. पुसलेल्या फरशीवरून तसेच चालत टेबलाशी आले आणि बरणीजवळचा फोन उचलून त्यांनी तोंडासमोर धरला. इतका जवळ, की पलीकडे तिला नुसती मिशीच दिसत असणार.

"नीरा, आईचं ऐकू नकोस. खालच्या आधी बंद. पूर्ण बंद. कळलं?"

मला वाटलं लाइन तुटली.

"हो, बाबा."

"काय कळलं ते सांग."

"खालच्या आधी बंद."

"मग?"

"मग वरच्या उघडायच्या."

"एकदम पूर्ण नाही. आधी निम्म्या."

"का, बाबा?"

का ते तिला माहीत होतं. मलासुद्धा माहीत होतं. पाणी जोरात शिरलं की बोट आपटते. पण साहेबांनी खुर्ची ओढली, चपला तशाच ठेवून बसले आणि का ते सांगू लागले. ती मधेमधे "हो बाबा", "आणि मग?" म्हणत होती. लॉक झालं, तलाव झाले, उताराचं झालं. मी मेथीची पानं आणि देठं एकाच परातीत टाकत होते, आणि डोळ्यांना धार लागलेली, तिथे कांदा नसताना.

इथे थांबले असते तर सगळं छान झालं असतं. पण माणसं एकदा बोलायला लागली की सगळंच बोलतात, हे मी धरलंच नव्हतं.

"पण मला सांग," साहेब रंगात येऊन म्हणाले, "हे बोटीचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं कुठून?"

"माझ्या? बाबा, तुम्हालाच यायचं होतं ना? आई म्हणाली, रिटायर झाल्यापासून तुम्ही एकच घोकताय, की इंग्लंडचे कालवे बघायचे, तेही बोटीतून."

"मी? ती तर म्हणाली, तू हट्ट धरून बसलीयस, की बाबांना कालव्यावर न्यायचंच."

साहेबांनी फोन टेबलावर ठेवला, मी दिसेन असा. दोघं माझ्याकडे बघायला लागली. मेथी निवडण्यात एवढं लक्ष मी जन्मात घातलं नसेल. एखादी कल्पना चांगली असली आणि ती कोणालाच सुचत नसली, तर ती दोघांनाही सुचली असं सांगावं लागतं. यात गुन्हा काय? दोन माणसं सात फुटांत कोंडायची, आणि एकमेकांना हाक मारल्याशिवाय जिथे पुढे सरकताच येत नाही अशी जागा शोधायची, तर मला दुसरं काय सापडणार होतं? शिखर शिंगणापूरला दोघं वेगवेगळ्या पायऱ्यांनी चढली असती.

"आई," नीरा हळू आवाजात म्हणाली. मग माझ्याकडे न बघता ती त्यांच्याकडे वळली. "बाबा, मग बाकीचं? दर वाढदिवसाला सकाळी पहिला फोन लावायला तुम्ही सांगायचात, ते?"

मी मनात म्हटलं, संपलं. बरणीपर्यंतच्या आवाजात जे जे म्हणून मी इतक्या वर्षांत भरलं होतं, त्याची आता तपासणी लागली. आणि तपासणीला कोण, तर साहेब.

"थंडीत कानटोपी घाल म्हणायचात, ते?" ती विचारत होती. "आणि मला शाळेत नोकरी लागली, तेव्हा तुम्ही परत पेढे वाटलेत, ते?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या दिवशी नीराला नोकरी लागली त्या दिवशी मी हे ओट्यावर जाऊन सांगितलं होतं, आणि त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं. पेढे तर सोडाच, साखरेचा दाणा कोणाच्या हातावर पडला नव्हता. मला तोंड वर करायची हिंमत होईना. त्या माणसाला खोटं मोजमाप दाखवून आजवर कोणी सुटलं नव्हतं.

"हो," साहेब म्हणाले. "वाटले."

"खरंच?"

"कंदी. साताऱ्याहून मागवले होते."

फोनमधलं चित्र हललं. ती डोळे पुसत होती की नुसता फोन सावरत होती, ते मला दिसलं नाही, कारण माझंच मला धड दिसत नव्हतं.

"आणि तू?" साहेबांनी घसा खाकरला. "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्या दिवशी तू म्हणे रजा टाकून दिवसभर फोनपाशी बसली होतीस?"

ऑपरेशन झाल्याचं मी तिला साहेब घरी येऊन आठवडा झाल्यावर सांगितलं होतं. उगाच काळजी नको म्हणून.

नीराने एकदा माझ्याकडे पाहिलं. पोरीची नजर थेट बापाची.

"हो, बाबा," ती म्हणाली. "बसले होते."

"हं," साहेब म्हणाले. "उगाच रजा घालवलीस." मग त्यांना आपल्या पायांत चपला असल्याचं दिसलं आणि ते गुपचूप उठून बाहेर ठेवून आले.

बोटीची सहल जूनमध्ये झाली. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. पहिल्याच लॉकला दोघांचं भांडण जुंपलं आणि ते आठवडाभर चाललं, सुकाणूवरून काठावर आणि काठावरून सुकाणूवर, इतकं मोकळेपणाने की येणारे-जाणारे इंग्रज सायकलवरून उतरून ऐकत उभे राहायचे. बदकं तेवढी दूर राहिली. एकदा साहेब तणतणत माझ्याकडे आले आणि सवयीने म्हणाले, "तिला सांग..." मी म्हटलं, "माझी बदली झालीय," आणि चहाचा कप घेऊन आतून कडी लावली. त्यानंतर मला कोणी कामाला लावलं नाही, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

पण मला जास्त आठवतो तो त्या रविवारनंतरचा सोमवार. सकाळी उठून पाहिलं तर साहेब घरात नव्हते. दुपारी साताऱ्याच्या एसटीतून उतरले ते दोन्ही हातांत पेढ्यांच्या पेट्या घेऊन. घरात पाऊलही न टाकता कॉलनीच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. मग जुन्या ऑफिसात गेले. तिथे आता त्यांना ओळखणारे चार लोकही उरले नव्हते, तरी टेबलाटेबलावर ठेवून आले. परतताना शेवटचं घर मोहित्यांचं. मी फाटकापाशी उभी होते.

"कशाचे पेढे, साहेब?" मोहित्यांनी विचारलं.

"मुलीला नोकरी लागली."

"अरे वा! कधी?"

"झाली काही वर्षं," साहेब म्हणाले आणि त्यांच्या हातावर आणखी एक ठेवला.

मोहिते पेढ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. साहेब फाटकातून आत आले, रिकाम्या पेट्या माझ्या हातात दिल्या आणि ओट्यावर झोपाळ्यावर जाऊन बसले. खिडकी उघडीच होती.

"ऐकलंस का," ते म्हणाले. "हे तिला सांगू नकोस."

इतक्या वर्षांत त्यांचा एवढा एकच निरोप मी जसाच्या तसा पाळला.